निकाल सांगू नका

पद्माकर हसला नाही, तेवढंच खटकलं. बाकी सगळं नेहमीसारखं होतं. शिफ्ट सुटायला वीस मिनिटं होती, मी मापाची गेजेस पुसून पेटीत ठेवत होतो, आणि हा गृहस्थ कॉम्प्युटर डिपार्टमेंटच्या थंडगार खोलीतून उठून आमच्या तेलकट टूलरूममध्ये आला, हातात घडी घातलेली चिठ्ठी घेऊन. त्याला बघताच मी दोन्ही कानांवर हात ठेवले. आज निकालाचा दिवस. तिकडे अमेरिकेत यूटाच्या गावात बास्केटबॉलच्या फायनलची सहावी मॅच आपल्या पहाटे पाचला सुरू झाली आणि आठच्या आत संपलीही. शिकागो की यूटा, ते अख्ख्या जगाला कळलं होतं. मला कळलेलं नव्हतं, आणि दुपारी घरी जाऊन टेप बघेपर्यंत कळू द्यायचंही नव्हतं. माझा हा नियम टूलरूममधल्या झाडूवाल्यालासुद्धा पाठ आहे. पद्माकर म्हणाला, "सूर्यकांत, हे मॅचचं—" आणि मी मोठ्यांदा एकोणतिसाचा पाढा म्हणायला लागलो. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, डोक्याला टक्कल, शेजारच्या लेथवरचे लोक बघतायत, आणि मी आपला एकोणतीस चोक सोळासे म्हणतोय. मग पद्माकरने ती चिठ्ठी माझ्या शर्टाच्या खिशात सारली, घरी पोचल्या-पोचल्या वाच असं काहीतरी ओठ हलवून म्हणाला आणि निघून गेला. एकोणतीस चोक एकशे सोळा होतात, हे मला तो गेल्यावर आठवलं.

चिठ्ठी तिथल्या तिथे उघडली नाही, याला कारण आहे. याच पद्माकरने मार्चमध्ये माझा घात केला होता. सिनेमांच्या बक्षिसांचा तो समारंभ होता, तिकडची सोमवारची रात्र म्हणजे आपली मंगळवारची सकाळ, आणि त्याचीही मी टेप लावून आलो होतो. दुपारी डबा उघडला तर चपात्यांच्या घडीत कागद, आणि कागदावर ओळीने सगळी नावं, कोण नट, कोण नटी, कोण दिग्दर्शक. त्या जहाजाच्या सिनेमाने कसं सगळं झाडून नेलं तेही, वर बक्षिसाच्या त्या सोनेरी बाहुल्या, अकराच्या अकरा, चित्रात काढून. पुण्याचा माणूस, तीन वर्षांपूर्वी बंगळूरला आला, त्याला वाटतं हा विनोद आहे. मी दोन आठवडे त्याच्याशी बोललो नव्हतो. तेव्हा आजची चिठ्ठी म्हणजेही तेच, याबद्दल मला शंका नव्हती. पण मार्चमध्ये तो खांबाआडून बघत होता, आणि खिदळत होता. आज हसला नाही. बसमध्ये बसल्यावर मी ते मनातून काढायला बघितलं. ड्रायव्हर मल्लाप्पा 'स्वल्प आत सरका' म्हणून ओरडत होता, मागच्या सीटवर फुटबॉलचा वर्ल्डकप चालला होता, ब्राझील असं आणि फ्रान्स तसं. बास्केटबॉलचं नाव काढणारा त्या बसमध्ये दुसरा कुणी नव्हता, म्हणजे त्या बाबतीत मी सुरक्षित होतो. खिशातला कागद मात्र प्रत्येक खड्ड्याला छातीला लागत होता.

माझ्या घराण्यात ही खोड दोघांना. मला आणि अण्णाला. अण्णा माझ्याहून चार वर्षांनी मोठा, निपाणीत शाळेवर पीटी मास्तर. आमचा नियम असा, की दोघांनी एकच बाजू घ्यायची नाही. आधी मी निवडायचं, उरेल ती बाजू अण्णाची. गेली दहा-अकरा वर्षं आमची पत्रं चालली आहेत, निळ्या इनलॅंडवर, आणि त्यात घरची खुशाली दोन ओळी आणि बाकी सगळी भांडणं. मी लिहितो, शिकागोचा तेवीस नंबर नसता तर हा खेळ कुणी बघितला असता? तो लिहितो, यूटाच्या बारा आणि बत्तीस नंबरकडे बघ, तेरा वर्षं एकच डाव, एक भिंतीसारखा उभा राहतो, दुसरा वळसा घालून जातो, सगळ्यांना माहीत आहे आणि तरी कुणाला अडवता येत नाही, याला म्हणतात बास्केटबॉल. मी लिहितो, याला म्हणतात पोस्टातली नोकरी. सिनेमांच्या बक्षिसांचंही तसंच. त्यातले निम्मे सिनेमे ना बंगळूरला आलेले असतात ना निपाणीला येणार असतात, पण मतं दोघांचीही ठाम. सिनेमा बघून मत कुणीही देईल, असं अण्णाचं म्हणणं. माझं मत असं की ही बक्षिसं नेहमी भलत्या वेळी मिळतात. ज्या वर्षी माणसाने जीव ओतला त्या वर्षी त्याला टाळ्या वाजवत खुर्चीत बसवून ठेवतात, आणि पुढे कधीतरी लाज वाटली की एखाद्या बऱ्याशा कामाला देऊन टाकतात. अण्णाला त्या मोठ्या बाहुल्यांचं काहीच नाही. तो फक्त सहाय्यक नटाचं बक्षीस बघतो. ज्याला बक्षीस नकोय त्याचंच काम बघण्यासारखं असतं, असं त्याने एकदा लिहिलं होतं, आणि मी त्यावर चांगली पानभर टिंगल केली होती.

तो अण्णा आता बेळगावच्या हॉस्पिटलात होता. पोटात गाठ. ऑपरेशन मंगळवारी, म्हणजे उद्या. शनिवारी मी फोन केला तेव्हा तो स्वतःच बोलला, की किरकोळ आहे, सोमवारी तुझी मॅच आहे, ती बघ, आणि पुढच्या शनिवारी निवांत ये. मी जरा आढेवेढे घेतले. खरं सांगायचं तर मी ते वाक्य झेललंच. शालनला, म्हणजे माझ्या बायकोला, मी सांगितलं की रजा मिळत नाही. रजेचा अर्जच मी केला नव्हता. ही हरलो आणि सातवी मॅच झालीच तर ती गुरुवारी पहाटे, असाही हिशेब डोक्यात होता. सख्ख्या भावाचं पोट फाडणार आणि मी मॅचचे वार मोजतोय. हे मला तेव्हाही दिसत होतं. पण अण्णाच म्हणाला ना, किरकोळ आहे म्हणून? मग झालं तर.

बनशंकरीला उतरलो तेव्हा पावणेतीन झाले होते. शालनने दार उघडलं आणि काही बोलली नाही, कारण निकालाच्या दिवशी दारात बोलायचं नसतं. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. तिला बास्केटबॉलमधलं काही कळत नाही, पण शेजारी-पाजारी कुणी बोललेलं तिच्या तोंडावर दिसायचं, म्हणून मी आधी तोंड बघतो. तिथे काही नव्हतं. फोनचा रिसीव्हर काढून टेबलावर ठेवलेला होता, वर टॉवेल टाकून, सकाळपासून, मीच सांगून गेलो होतो तसा. तरी मी विचारलं, कुणी आलं-गेलं का? ती म्हणाली, "फोन काढून ठिवल्यावर कोण येणार? वहिनींचा आला असता तर कळणार कसं, ते तुम्हीच सांगा." मी म्हटलं ऑपरेशन उद्या आहे, आज कशाला येईल. ती आत गेली. मी ताट मांडीवर घेतलं आणि टेप सुरू केली. पहिल्या घासालाच लक्षात आलं की चिठ्ठी अजून खिशात आहे, आणि शर्ट बदलायचा राहिला आहे.

मॅच सुरू होऊन मिनिटभरही झालं नसेल आणि तेहेतीस नंबरने वर उडी मारून बॉल जाळीत दाबला आणि खाली उतरताना त्याची पाठ धरली. तेहेतीस नंबर म्हणजे तेवीसचा जोडीदार, त्याला बॉल पुरवणारा. थोड्याच वेळात तो आतच निघून गेला. मी ताट खाली ठेवलं. नियमाप्रमाणे अण्णा यूटाच्या बाजूने, पण मला माहीत आहे, मनातून त्याला हा तेहेतीस नंबर आवडतो. सहाय्यक भूमिका. तो आत गेला आणि तेवीस एकटा पडला, एकटाच मारत राहिला, आणि मला मैदानात दुसरंच काहीतरी दिसायला लागलं. त्र्याहत्तर साल. याच शहरात, कारखान्याच्या संघाची निवड होती. खेळाडू म्हणून घेतलं की कायमची नोकरी. निपाणीहून आम्ही दोघं एसटीने आलो, एकच पत्र्याची ट्रंक, बुटांचा एकच चांगला जोड. जागा एक शिल्लक होती, ते आम्हांला तिथे पोचल्यावर कळलं. अण्णा माझ्यापेक्षा सरस होता. हे मी कुणाजवळ कबूल केलेलं नाही, पत्रात तर नाहीच. तो चांगला जोड त्याने माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "पाय मुरगाळलाय रं. तू मार, मी देतो." चाळीस मिनिटं त्याने एकदाही जाळीकडे बघितलं नाही. बॉल हातात आला की माझ्या हातात. निवड समितीतला एक म्हातारा म्हणालासुद्धा, हा दुसरा पोरगा मारत का नाही? संध्याकाळी यादीत माझं नाव लागलं. अण्णाने ट्रंक खांद्यावर घेतली आणि आम्ही मॅजेस्टिकच्या स्टँडकडे निघालो, त्याला रात्रीच्या गाडीत बसवायला. तो पुढे आणि मी मागे. त्याला गाठायला मला जवळजवळ धावावं लागत होतं. मी त्याचे पाय बघत होतो आणि बघत नव्हतो. पंचवीस वर्षांत मी त्याला त्याबद्दल काही विचारलेलं नाही.

मध्यंतरापर्यंत यूटा पुढे. जाहिराती आल्या की मी टेप पुढे पळवायचो, आणि त्या पळत्या चित्रांत चुकून निकाल दिसेल म्हणून डोळे अर्धे मिटायचो. खिशातला कागद गरम झाल्यासारखा वाटत होता. तो घामाचा असेल. मी तो काढून टीव्हीवर ठेवला. मग टीव्हीपेक्षा त्याच्याकडेच लक्ष जाऊ लागलं, म्हणून परत खिशात घातला. पद्माकर का हसला नाही? मी हरलो असेन म्हणून त्याला वाईट वाटलं असेल. पद्माकरला वाईट वाटतं? मार्चमध्ये वाटलं नव्हतं. आणि टूलरूमला बाहेरचा फोन नाही, माझे फोन त्याच्याच टेबलावर येतात, हे मला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. मला त्या एकोणतिसाच्या पाढ्याच्या वेळीच ते माहीत होतं, असं आता वाटतं. त्याच्या वाक्यातलं पुढचं 'नाही' मला ऐकू आलं नव्हतं, कारण मी ते ऐकू येऊ दिलं नव्हतं. पण तेव्हा त्या खुर्चीत बसून मी स्वतःला सांगत होतो की एवढं संपू दे. शालन दोनदा दारात येऊन गेली. दुसऱ्या वेळी म्हणाली, फोन ठेवू का परत? मी तिच्याकडे न बघता हात हलवला. भांडायला मला कारण हवं होतं आणि तिने ते दिलं नाही. तेहेतीस नंबर परत आला होता, कंबरेत वाकून पळत होता, आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. ज्याचं दुखतंय त्याने बाहेर बसावं, असं मी मोठ्याने म्हणालो. खोलीत ऐकायला कुणी नव्हतं.

एक्केचाळीस सेकंद आणि वर काही शिल्लक असताना यूटाच्या बारा नंबरने लांबून बॉल मारला आणि तो पडला. शहाऐंशी-त्र्याऐंशी. शिकागोने टाइमआउट घेतला. मी टेप थांबवली. पडद्यावर तेवीस नंबर बाकाकडे चालत जाताना गोठला, एक पाय उचललेला. घड्याळात पावणेपाच झाले होते. तीन पॉइंट म्हणजे संपल्यातच जमा, मग चिठ्ठीतला निकाल आता कळला तरी काय बिघडतं, असा बहाणा मी केला. बहाणाच. चिठ्ठी उघडली. पद्माकरचं अक्षर इतकं चांगलं आहे हे मी आधी कधी बघितलं नव्हतं. 'बेळगावहून वहिनींचा फोन. तुझा घरचा फोन लागत नाही. ऑपरेशन उद्याऐवजी आजच, पाच वाजता. भाऊ साडेचारला घरी फोन करतील, आत नेण्याआधी बोलायचं आहे म्हणाल्या. फोन जागेवर ठेव.'

मी टॉवेल ओढला तसा रिसीव्हर टेबलावरून खाली पडला, दोरीला लोंबत राहिला. तो उचलून जागेवर ठेवला. पंधरा मिनिटं ते लावत असणार आणि तिकडे एंगेज, एंगेज. शालन धावत आली, मी तिच्या हातात कागद दिला. तिने वाचला आणि घड्याळाकडे बघितलं. हॉस्पिटलचा नंबर माझ्याजवळ होता, पण मी फिरवायला घेतला आणि तेवढ्यात त्यांचा लागला तर? म्हणून फिरवला नाही. दहा मिनिटं उरली होती. मग आठ. पडद्यावरचा तेवीस नंबर एका पायावर थरथरत उभा होता. मी उभाच होतो. माझ्या तोंडून निघालं, "देवा, एवढा एक लागू दे." पाचला सहा मिनिटं कमी असताना फोन वाजला. आधी महानंदा वहिनी होत्या, त्या फक्त 'भाऊजी' म्हणाल्या आणि त्यांनी तो अण्णाला दिला.

"काय रं सूर्या," अण्णा म्हणाला. आवाज नेहमीचा, शाळेच्या मैदानावरचा. मी फोनबद्दल काहीतरी सांगायला लागलो, माझी चूक, पद्माकर, चिठ्ठी. त्याने ऐकून घेतलं नाही. डॉक्टरला उद्या कुठं गावाला जायचंय म्हणे, म्हणून आजच उरकतोय. किरकोळ हाय. भूल द्यायची, काढायची, झालं. तू शनिवारी निवांत ये. मी हो म्हटलं. पत्रात आम्ही इनलॅंडच्या कडांपर्यंत भांडतो, इथे एका 'हो'वर संपलं. मागे कुठेतरी ट्रॉलीची चाकं वाजली आणि कुणीतरी कानडीत 'सरी, सरी, बन्नी' करून त्याला बोलावलं. अण्णा म्हणाला, "बघितलीस काय मॅच?" मी म्हटलं, शेवटचं राहिलंय. तो म्हणाला सकाळी सिस्टरला मस्का मारून वॉर्डातल्या टीव्हीवर त्याने सगळी बघितली. आणि मग त्याने विचारलं, "सांगू?" आयुष्यात कधी त्याने मला निकाल सांगितलेला नाही. मी म्हटलं, "सांग."

"हरलं की रं तुझं," तो म्हणाला. "एका पॉइंटानं."

मी म्हटलं, बरं झालं, तुझं तरी जिंकलं. तो हसला. वहिनी मागून चला म्हणाल्या, आणि फोन ठेवला गेला.

शालन देवापुढे जाऊन बसली. मी खुर्चीत बसलो आणि करण्यासारखं काही नव्हतं म्हणून टेप सुरू केली. हरलेलंच बघायचं होतं, त्यामुळे छातीत धडधड नव्हती, उलट बरंच वाटत होतं, की निदान अण्णाचं जिंकलं. त्याला आत नेताना त्याचं जिंकलेलं असावं. तेवीस नंबरने बॉल घेतला, सरळ आत घुसला आणि दोन काढले. शहाऐंशी-पंच्याऐंशी. झालं, एक पॉइंट. आता यूटा बॉल धरून ठेवणार आणि संपणार. बॉल बत्तीस नंबरकडे गेला, तो पाठ लावून उभा राहिला, आणि तेवीस नंबर मागून आला आणि त्याच्या हातातला बॉल त्याने खाली पाडून घेतला. मी पुढे सरकलो नाही. माझं हरलं होतं. तो हळूहळू चालवत बॉल पुढे आणत होता, सेकंद जात होते, नऊ, आठ, मग त्याने एक झटका दिला, समोरचा घसरला, तो थांबला, उचलला, मारला. हात वरच राहिला. जाळी हलली. सत्त्याऐंशी-शहाऐंशी. शेवटी बारा नंबरने एक मारून बघितला, तो रिंगवर आपटून बाहेर आला. शिकागोचे लोक नाचायला लागले. मी स्क्रीनवरचा आकडा पुन्हा वाचला. माझं जिंकलं होतं. एका पॉइंटानं.

पहिल्यांदा मला हसू आलं. अस्सल अण्णा. मला टेपची मजा मिळावी म्हणून, शेवटच्या चाळीस सेकंदांत माझ्या हातातून काही काढून न घेता, ऑपरेशनच्या ट्रॉलीशेजारी उभा राहून त्याने खोटं रचलं. आकडा तेवढा खरा ठेवला. म्हणजे ते चाळीस सेकंद मी एकेक करून हरत जाणार आणि मग जिंकणार, हे सगळं त्याने मनात बघितलं होतं. मी आत हाक मारली, शालन, अगं अण्णाने काय केलं बघ, आणि ती येईपर्यंत माझं हसू गेलेलं होतं. कारण तो आवाज मला परत ऐकू आला. 'हरलं की रं तुझं.' जराही न हलता. आणि त्याच आवाजात, त्याच्या मिनिटभर आधी, किरकोळ हाय. डॉक्टरला गावाला जायचंय. शनिवारी निवांत ये. कुठल्या डॉक्टरला गावाला जायचं असतं म्हणून तो दुसऱ्याचं पोट एक दिवस आधी उघडतो? शनिवारी मी ते झेललं होतं, आजही झेललं. तो आयुष्यभर देत आला आणि मी झेलत आलो, मारत आलो.

टीव्ही बंद केला. सव्वापाच वाजले होते. सातला मॅजेस्टिकवरून बेळगावची गाडी असते, ती पहाटेपर्यंत पोचवते. मी शर्ट बदलला, एक जोड कपडे पिशवीत टाकले, फोन जागेवर नीट बसलाय ना ते दोनदा दाबून बघितलं आणि शालनला सांगितलं की तो आता हलवायचा नाही, आणि काही आलं तर सगळं लिहून ठेवायचं, जे असेल ते, आणि मी स्टँडवरून फोन केला की वाचून दाखवायचं, काही गाळायचं नाही. निकालाच्या दिवशी मी असं काही सांगेन असं तिला कधी वाटलं नसेल.

"अहो, पण ते शनिवारी या म्हणाले ना?" ती म्हणाली. "आणि रजेचं काय?"

"पाय मुरगाळला नव्हता त्याचा," मी म्हटलं, आणि चपला घातल्या.